डीएक्ससाठी कुठला अँटेना? आधी उंची सांगा

चार हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, जमले की अर्ध्या तासात हा विषय निघतोच. डीएक्ससाठी, म्हणजे लांबच्या क्यूएसओसाठी (क्यूएसओ म्हणजे रेडिओवरचं संभाषण), बेस्ट अँटेना कुठला? एक जण डायपोलचं (आडवी तार, मधोमध जोडलेली) नाव घेतो, दुसरा म्हणतो डायपोल सोड, व्हर्टिकल (उभी काठी) लाव, तिसऱ्याकडे यागी (ओळीने दांड्या लावलेला, एका दिशेला फेकणारा) असतो त्यामुळे तो नुसता गालात हसत बसतो, आणि मग कोणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतं की मी पाच वॅटवर एंड-फेडने (टोकाला जोडलेली तार) न्यूझीलंड केलंय. ते खोटं नसतंच, पण त्यातून कळत काहीच नाही. बँड (फ्रिक्वेन्सीचा ठरलेला पट्टा) उघडा असला, म्हणजे सिग्नल लांब जात असला, तर काहीही चालतं. १८ ऑक्टोबर १९२४ ला न्यूझीलंडमधला फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर एकमेकांशी बोलले, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांना, आणि त्या वेळच्या सेटपुढे आपला सगळ्यात साधा आजचा रिग म्हणजे चैन आहे. तेव्हा 'मी अमुक देश केला' हे अँटेनाचं माप होऊच शकत नाही. माप एकच, त्याच क्षणी, त्याच स्टेशनवर, तेवढ्याच पॉवरला दुसरा अँटेना किती डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीतल्या फरकाचं माप) पुढे किंवा मागे होता. आणि असं मोजायला लागलं की बरीच ठाम मतं डळमळतात, माझीही काही डळमळली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अँटेनाची जात विचारण्याआधी त्याची उंची वेव्हलेंथमध्ये (एका लहरीच्या लांबीत, २० मीटर बँडला ती वीस मीटर) किती ते विचारा. जात नंतर.

का, ते कोनावरून कळतं. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लांब जायचं म्हणजे सिग्नल आयनोस्फिअरच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) एफ लेयरवरून परत यायला हवा, तो साधारण तीनशे किलोमीटरवर धरा, कधी खाली कधी वर. आता अँटेनातून सिग्नल जमिनीशी ३० अंश करून निघाला तर तो पहिल्या उडीत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास खाली येतो. १० अंशाने निघाला तर बावीसशेच्या आसपास. ५ अंशाने निघाला तर जवळजवळ एकोणतीसशे. म्हणजे दहा हजार किलोमीटर गाठायला ३० अंशवाल्याला अकरा उड्या, १० अंशवाल्याला पाच, ५ अंशवाल्याला चार. प्रत्येक उडीत जमिनीवर आपटताना थोडं जातं आणि दिवसा त्याखालच्या डी लेयरमधून दोनदा आरपार जाताना अजून थोडं जातं, आणि हे डीबीमध्ये साठत जातं. त्यामुळे २० मीटर बँडवर लांबून येणारे सिग्नल बहुतेक वेळा पंधरा अंशांच्या आतच येताना दिसतात. तुमचा अँटेना त्या कोनात किती फेकतो आणि त्या कोनातलं किती ऐकतो एवढाच डीएक्सचा मामला आहे, कॅटलॉगमध्ये छापलेला गेनचा (अँटेना एखाद्या दिशेला किती जास्त देतो त्याचा) आकडा कुठल्या कोनातला आहे हे बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

तर डायपोल. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात प्रामाणिक. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, मीटरमध्ये लांबी येते, १४.१ ला दहा मीटर आणि थोडं, ७.१ ला वीस मीटर आणि थोडं, मधे तोडायचा, बालन (तार केबलशी जुळवणारा तुकडा) लावायचा, दोन्ही टोकं वर. मोकळ्या जागेत याचा गेन २.१५ डीबीआय (सगळ्या दिशांना सारखा फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत डीबी), पण मोकळ्या जागेत कोणी राहत नाही, खाली जमीन असतेच आणि ती आरशासारखं काम करते. थेट गेलेला सिग्नल आणि जमिनीवरून उसळलेला सिग्नल काही कोनांत एकमेकांना धरून चालतात, काही कोनांत एकमेकांना मारतात. कुठल्या कोनात काय, हे ठरवते फक्त उंची. पाव वेव्हलेंथ उंचीवर डायपोल मुख्यतः सरळ वर फेकतो. अर्ध्या वेव्हलेंथवर त्याचं शिखर ३० अंशांवर येतं. पूर्ण वेव्हलेंथवर साडेचौदा अंशांवर.

याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा, मजा येते. २० मीटर बँड, १० अंशाचा कोन, ढोबळ मानाने आदर्श जमीन धरून. डायपोल पाच मीटरवर असेल तर त्या कोनात साधारण उणे तीन डीबीआय. तोच दहा मीटरवर नेला की अधिक अडीच. तोच वीस मीटरवर नेला की अधिक सात. म्हणजे पाचवरून दहावर जाताना साडेपाच डीबी आणि दहावरून वीसवर जाताना अजून साडेचारच्या वर. एस युनिट (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरची एक पायरी) म्हणजे सहा डीबी, आणि सहा डीबी म्हणजे १०० वॅटचे ४०० वॅट. लोक पॉवर वाढवायला लिनिअर ॲम्प्लिफायर घ्यायला बघतात आणि तार मात्र गच्चीच्या कठड्यावरून एका हातावर लोंबकळत असते. आणि उंचीचा फायदा ऐकतानाही मिळतो, ॲम्प्लिफायरचा मिळत नाही.

आता दुसरी गंमत. तीन एलिमेंटचा (दांड्यांचा) यागी डायपोलपेक्षा पाच-साडेपाच डीबी जास्त देतो. तो दहा मीटरवर लावला तर १० अंशात साधारण पावणेआठ डीबीआय. वीस मीटरवरचा साधा डायपोल त्याच कोनात सात. जेमतेम पाऊण डीबीचा फरक, कानाला कळणारसुद्धा नाही. कारण यागीलाही जमीन तीच असते, दहा मीटरवरचा यागी काही खालच्या कोनात जास्त जात नाही, त्याचंही शिखर तीस अंशांच्या जवळच राहतं. यागी घेतला म्हणजे सिग्नल आपोआप क्षितिजाला चिकटून जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही होत नाही. यागीचा खरा फायदा मी दुसरीकडे धरतो, त्यावर येतो पुढे. आणि हो, वीस मीटर उंचीवर डायपोल टांगायची सोय किती जणांकडे असते हा प्रश्न रास्त आहे, पण यागीला जो मास्ट, रोटेटर (फिरवणारी मोटर) आणि गाय वायर (मास्टला ताणून धरणाऱ्या तारा) लागतात तेवढ्या खटपटीत डायपोल बराच वर जातो हेही तेवढंच रास्त आहे.

एकच आधार असेल तर इन्व्हर्टेड व्ही करा. मधला भाग वर, दोन्ही टोकं खाली, मधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. इम्पिडन्स (केबलला दिसणारा विरोध) ७३ ओहमवरून पन्नासच्या जवळ येतो, पन्नास ओहमच्या कोॲक्स केबलला बरंच. सरळ डायपोलपेक्षा थोडा कमी देतो कारण सरासरी उंची कमी होते. बस, यात अजून काही नाही.

व्हर्टिकलवर मात्र जरा थांबायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

पाव वेव्हलेंथचा व्हर्टिकल, २० मीटरसाठी पाच मीटरची काठी, ४० साठी दहा मीटरची. जागा कमी लागते, उंच आधार लागत नाही, आणि पुस्तकातलं चित्र बघितलं तर सगळा सिग्नल क्षितिजाला लागून जाताना दिसतो. ते चित्र आदर्श जमिनीचं असतं. खऱ्या मातीवर अगदी खालच्या कोनातला भाग माती खाऊन टाकते, आणि शिखर वीस-पंचवीस अंशांवर सरकतं. सर्वसाधारण मातीवर २० मीटरच्या व्हर्टिकलचं १० अंशात उणे दोन-तीन डीबीआय धरा. म्हणजे अर्ध्या वेव्हलेंथवरच्या डायपोलपेक्षा चार-पाच डीबी मागे, तेही खालच्या कोनात, जिथे व्हर्टिकल जिंकायला हवा अशी आपली समजूत. 'व्हर्टिकल सगळ्या दिशांना सारखाच वाईट' हा हॅम लोकांचा जुना टोमणा त्यातूनच आलाय.

मग रेडियल्स, म्हणजे काठीच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा. व्हर्टिकलचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन, आणि करंट तिथून परत यायला रस्ता हवा. रस्ता मातीतून गेला तर वॅट माती तापवण्यात जातात. ब्राऊन, लुइस आणि एपस्टाईन या तिघांनी १९३७ मध्ये यावर मोजमाप करून पेपर लिहिला, आणि मीडियम वेव्ह ब्रॉडकास्ट स्टेशनच्या खाली १२० रेडियल्स पुरायची जी पद्धत पडली तिचं मूळ तिथे आहे. आपल्याला १२० नको. चारवरून सोळावर गेलात की फरक ठळक दिसतो, बत्तीसनंतर मला तरी तार पसरायचा कंटाळा येतो आणि मिळकतही कमी होते. जमिनीवर पसरलेले रेडियल्स मोजून मापून कापायची गरज नाही, जमिनीला लागले की त्यांचा रेझोनन्स (फ्रिक्वेन्सीशी जुळणं) असाही बिघडतो, त्यामुळे आहे ती तार मोजक्या लांब तुकड्यांत घालवण्यापेक्षा बरेच आखूड तुकडे करून पसरा. रेडियल्स जमिनीपासून वर उचलून लावले तर मात्र ते पाव वेव्हलेंथचे मोजूनच हवेत, पण मग चारांत काम भागतं.

आणि इथे एसडब्ल्यूआर मीटर (केबल आणि अँटेना किती जुळलेत ते दाखवणारा, एकास एक म्हणजे पूर्ण जुळलेलं) तुम्हाला फसवतो. चांगल्या जमिनीवर पाव वेव्हलेंथच्या व्हर्टिकलचा इम्पिडन्स ३६ ओहमच्या आसपास असतो. रेडियल्स कमी असतील आणि जमिनीचा लॉस १४ ओहम असेल तर बेरीज ५० होते, मीटर एकास एक दाखवतो, माणूस खूश. पण त्या पन्नासातले चौदा ओहम मातीत आहेत, म्हणजे पाठवलेल्या १०० वॅटमधले २८ गांडुळांना. आता अजून रेडियल्स टाकले, लॉस पाच ओहमवर आणला, तर बेरीज ४१, आणि एसडब्ल्यूआर वाढून १.२ होतो. आकडा बिघडला आणि अँटेना सुधारला. कित्येक जण इथे रेडियल्स परत उचलून ठेवतात! डमी लोडचा (पॉवर नुसती जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर सगळ्यात सुंदर असतो, त्यावर कोणी डीएक्स केलंय का.

अजून एक. रेडियल्सने जवळचा लॉस कमी होतो, पण खालच्या कोनातला जो भाग माती खाते ती माती अँटेनापासून बऱ्याच वेव्हलेंथ लांबची असते. तिथपर्यंत कोणी तारा पसरत नाही. त्यामुळे साठ रेडियल्स टाकूनही पाच अंशातलं नुकसान भरून येत नाही. त्यावर इलाज एकच, समुद्र. खाऱ्या पाण्याच्या अगदी कडेला व्हर्टिकल लावला की तोच पाच मीटरचा पाईप पाच-सहा डीबीने वर येतो, खालच्या कोनात त्याहूनही जास्त, कारण खारं पाणी जवळजवळ आदर्श आरसा आहे. बेटांवर जाणाऱ्या डीएक्सपेडिशनच्या टीम पाण्यात पाय बुडवून व्हर्टिकल लावतात ते काही फोटोसाठी नाही. पाण्यापासून शे-दोनशे मीटर आत आलं की ती जादू झपाट्याने उतरते.

पण म्हणून व्हर्टिकल बाद असं मी म्हणणार नाही, कारण वरचा हिशोब २० मीटरचा होता. तोच दहा मीटर उंचीचा डायपोल ४० मीटर बँडला म्हणजे फक्त पाव वेव्हलेंथवर, तेव्हा १० अंशात तो उणे तीनवर येतो आणि बऱ्या रेडियल्सवाल्या व्हर्टिकलच्या शेजारी जाऊन उभा राहतो. ८० मीटरला त्याच उंचीचा डायपोल एक अष्टमांश वेव्हलेंथवर, आणि त्या कोनात जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, व्हर्टिकल सरळ पुढे जातो. माझ्यासारखी दहा-बारा मीटरच उंची ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी ४० मीटर हा सांधा आहे. त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला आडवी तार, खालच्या फ्रिक्वेन्सीला उभी. एवढं एक वाक्य मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सगळे आपापल्या अँटेनाची तारीफ करण्यात गुंग होते.

४० वर हे इतकं स्वच्छ ऐकू येतं की नवीन माणसाला दाखवायला मला तोच बँड आवडतो. माझ्याकडे दोन्ही अँटेना एका कोॲक्स स्विचवर आहेत. संध्याकाळी बँड लांबचा व्हायला लागला की डायपोलवर पाचशे-सहाशे किलोमीटरवरची मंडळी एस नाईनच्या वर वीस-वीस डीबी ठणठणत असतात, आणि त्यांच्या गप्पांखाली काहीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. स्विच व्हर्टिकलवर फिरवला की ती मंडळी एकदम दोन-तीन एस युनिट खाली बसतात, कारण त्यांचा सिग्नल उंच कोनातून येतोय आणि व्हर्टिकलला वरचं दिसतच नाही. आणि मघाची ती कुजबूज कॉलसाईनसकट (स्टेशनच्या ओळख-नावासकट) वाचता येते. खरं तर ती फारशी मोठी झालेली नसते, कधी तेवढीच असते, पण तिच्यावर बसलेले लोक उठून गेलेले असतात. परत डायपोल, परत गर्दी. उलटही तितकंच खरं, शेजारच्या भागातल्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या गटात) बोलायचं असेल तर व्हर्टिकल निरुपयोगी, तिथे खाली टांगलेला डायपोलच राजा.

व्हर्टिकलचं दुसरं दुखणं नॉइज. माणसांनी केलेली खरखर, स्विचिंग सप्लाय, एलईडी, सोलर इन्व्हर्टर, हे सगळं व्हर्टिकल जास्त उचलतो. वस्तीत राहणाऱ्याला त्याचा त्रास खूप. सिग्नल तीन डीबीने वाढला आणि नॉइज सहा डीबीने वाढला तर तुम्ही तीन डीबीने मागे गेलात, मीटर काहीही म्हणो.

बरं, आता यागी. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात हा शोधला, १९२६ मध्ये त्यावर पहिलं लिखाण आलं, आणि प्रयोगांचं बरंचसं काम उदाचं होतं तरी जगात नाव चाललं यागीचं कारण १९२८ चा इंग्रजी पेपर त्याच्या नावावर होता. शंभर वर्षं होत आली, एके काळी घरोघरच्या छपरांवर टीव्हीसाठी याचीच भावंडं होती. याचा गेन मला तेवढा महत्त्वाचा वाटत नाही जेवढं त्याचं मागचं न ऐकणं. चांगल्या तीन एलिमेंटच्या यागीची पाठ वीस डीबी किंवा जास्त दबलेली असते. म्हणजे मागच्या दिशेचा जोरदार स्टेशनवाला तीन-साडेतीन एस युनिट खाली, आणि मागचा नॉइजही तसाच खाली. पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला सगळे एकदम हाका मारतात तेव्हा) याची किंमत कळते. शिवाय दिशा हातात येते, लाँग पाथवर फिरवून बघता येतं, शॉर्ट पाथ मेला असताना पृथ्वीला उलटा वळसा घालून सिग्नल येतो तेव्हा यागीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

क्वाडची गोष्ट मला फार आवडते. इक्वाडोरची राजधानी क्विटो, समुद्रसपाटीपासून अठ्ठावीसशे मीटरच्या वर, तिथे एचसीजेबी नावाचं शॉर्टवेव्ह ब्रॉडकास्ट स्टेशन होतं. १९४० च्या दशकात त्यांच्या यागीच्या एलिमेंटची टोकं जळायची, अक्षरशः वितळायची. एलिमेंटच्या उघड्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि तिथल्या विरळ हवेत कोरोना डिस्चार्ज (टोकावरून हवेत वीज झिरपणं) लवकर सुरू होतो. क्लॅरेन्स मूर या इंजिनिअरने मग टोकच काढून टाकलं, तारेचा बंद चौकोन केला. तो क्वाड. दोन एलिमेंटचा क्वाड दोन एलिमेंटच्या यागीपेक्षा थोडा जास्त देतो, एक-दीड डीबी. पण तो प्रचंड पसरट सांगाडा वाऱ्यात टिकवणं हे वेगळंच काम आहे, मी लांबूनच नमस्कार करतो. हेक्सबीम हा त्यातला शहाणा मध्यममार्ग, दोन एलिमेंटच्या तारा आत वाकवून छत्रीसारख्या सांगाड्यावर ताणलेल्या, २० ते १० मीटरचे पाच बँड एका कोॲक्सवर, फिरायला सव्वातीन मीटर त्रिज्या पुरे. गेन दोन एलिमेंटच्या पूर्ण यागीपेक्षा किंचित कमी. घरावर एकच बीम (दिशा धरणारा अँटेना) लावायचा असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन.

एंड-फेड हाफ वेव्ह सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि सोय म्हणून ठीकच आहे. वीस मीटर तार, एका टोकाला ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, ४०, २०, १५, १० चारही बँड ट्यूनरशिवाय. पण हा डायपोलच आहे हो, फक्त मधून न देता टोकाला दिलेला, त्याचा इम्पिडन्स अडीच-तीन हजार ओहमच्या घरात जातो म्हणून तो ट्रान्सफॉर्मर. 'एंड-फेड विरुद्ध डायपोल' अशी तुलना करणारे बहुधा वेगवेगळ्या उंचीच्या दोन तारांची तुलना करत असतात. दोन गोष्टी मात्र खऱ्या. एक, ट्रान्सफॉर्मरचा कोअर. एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) चालवून पाच मिनिटांनी हात लावून बघा (ट्रान्समिट बंद करून, कृपा करून), गरम लागला तर तेवढे वॅट तिथेच जळतायत. दोन, कोॲक्सच्या बाहेरच्या शील्डवरून कॉमन मोड करंट शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) येतो, माइकला ओठ लागला की चटका, आणि रिसीव्ह करताना घरातला सगळा कचरा त्याच वाटेने अँटेनात शिरतो. कोॲक्सवर चोक (हा करंट अडवणारा) लावा, थोड्या अंतरावर. आणि उच्च बँडवर ही तार अनेक पाकळ्यांत फेकते हे लक्षात ठेवा, १० मीटरवर ती दोन वेव्हलेंथ लांब असते, तेव्हा मधेमधे खड्डे असतात, ज्या दिशेला खड्डा तिथलं स्टेशन 'ऐकूच येत नाही' होतं.

मॅग्नेटिक लूपबद्दल (नळीचं छोटं वर्तुळ, कॅपॅसिटरने जुळवलेलं) लोक एक तर भक्त असतात नाही तर हसतात. आकड्यात बघू. एक मीटर व्यासाची, बावीस मिलिमीटर तांब्याच्या नळीची लूप घेतली तर २० मीटरवर रेडिएशन रेझिस्टन्स (खरोखर बाहेर जाणाऱ्या पॉवरच्या वाट्याचा) साधारण ९७ मिलिओहम, तांब्याचा लॉस ४४, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या जवळ काम होतं. छान. तीच लूप ४० वर नेली की रेडिएशन रेझिस्टन्स सहा मिलिओहम, लॉस एकतीस, कार्यक्षमता सोळा टक्के, आठ डीबी गेले. आणि हे सांधे आणि कॅपॅसिटर परिपूर्ण धरून, एखादा ढिला स्क्रू दहा मिलिओहम सहज खातो. तेव्हा लूप चांगली की वाईट हे बँड सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. शंभर वॅटला कॅपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात आणि जवळचं फील्डही जोरदार असतं, शेजारी बसून जास्त पॉवर चालवू नका.

ऐकण्याचा अँटेना वेगळा ठेवायचा विचार बहुतेक जण करतच नाहीत, आणि १६० आणि ८० वर तर तोच अर्धा खेळ आहे. इतिहासातच बघा. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हॅम स्टेशन्स अटलांटिक पलीकडे ऐकू येतात का हे बघायला पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला गेला, तंबू ठोकला, आणि तिथे त्याने लावली बेव्हरेज तार, सुमारे चारशे मीटर लांब, जमिनीपासून थोडीच वर. हॅरॉल्ड बेव्हरेजचा शोध तेव्हा अगदी ताजा होता. तिच्यावर त्याला अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं १बीसीजी हे स्टेशन ऐकू आलं. त्या तारेचा गेन शून्याच्याही खूप खाली असतो, ट्रान्समिट करायला ती टाकाऊ. पण ती फक्त आपल्या दिशेचं ऐकते, बाकीच्या दिशांचा नॉइज सोडून देते, आणि खालच्या बँडवर सिग्नल किती मोठा याला महत्त्व नाही, नॉइजच्या किती वर आहे याला आहे. चारशे मीटर जागा कोणाकडे नसते हे मान्य, पण छोट्या रिसीव्हिंग लूप त्याच तत्त्वावर फिरवून खरखरीचा खड्डा शोधता येतो.

आता मोजायचं कसं. पाच मिनिटं एका अँटेनावर आणि पाच मिनिटं दुसऱ्यावर ऐकून केलेली तुलना फुकट आहे, क्यूएसबीत, म्हणजे फेडिंगमध्ये, सिग्नल मिनिटभरात दहा-वीस डीबी वरखाली होतो. स्विच हवाच, आणि तो पटापट, बऱ्याच वेळा फिरवायला हवा. दोन्ही कोॲक्सचा लॉसही बघा. आरजी-५८ ची तीस मीटर केबल २८ मेगाहर्ट्झला अडीच डीबीच्या आसपास खाते, आरजी-२१३ त्याच्या निम्मं. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते लावून तुम्ही अँटेनाची नाही, केबलची स्पर्धा लावलेली असते.

माझं आवडतं साधन एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हॅम संस्थांचे बीकन (आपोआप ठरावीक सिग्नल पाठवणारी स्टेशन्स). १४.१०० मेगाहर्ट्झवर सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये बसायचं. जगभरातली अठरा स्टेशन्स पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण, मग १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० वर पण तेच वेळापत्रक सरकत जातं. काही स्टेशन्स अधूनमधून बंद असतात, ते चालायचंच. प्रत्येक जण आधी आपला कॉलसाईन देतो, मग चार लांब डॅश. कॉलसाईन आणि पहिला डॅश १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा, चौथा एका वॅटच्या दशांशाचा. म्हणजे प्रत्येक डॅश आधीच्यापेक्षा बरोबर दहा डीबी खाली. बीकन स्वतःच तुम्हाला पट्टी आखून देतो! एजीसी (रिसीव्हरचा आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद करा, एका अँटेनावर किती डॅश मोजता आले ते लिहा, पुढच्या फेरीला दुसरा अँटेना, असं तासभर. फिनलंडचा ओएच२बी एकावर तिसऱ्या डॅशपर्यंत आणि दुसऱ्यावर दुसऱ्याच डॅशला नॉइजमध्ये बुडत असेल तर फरक दहाच्या आसपास आहे हे सांगायला मीटर लागत नाही. आणि एका वॅटचा डॅश समुद्र ओलांडून येतो ते ऐकलं की शंभर वॅट कमी पडतात ही तक्रार जरा कमी होते.

जास्त काटेकोर करायचं असेल तर डब्ल्यूएसपीआर. जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेला मोड, दोन मिनिटांचा एक स्लॉट, ऐकणारी स्टेशन्स डीबीमध्ये आकडा आपोआप इंटरनेटवर टाकतात. दोन छोटे ट्रान्समीटर, सारखी पॉवर, दोन अँटेना, एकाच वेळी, दोनशे हर्ट्झच्या खिडकीत वेगवेगळ्या जागी, आणि दिवसरात्र सोडून द्यायचं. दोन्ही सिग्नल एकाच रिसीव्हरला एकाच स्लॉटमध्ये मिळाले तेवढेच आकडे घ्यायचे, वजाबाकी करायची, अंतराप्रमाणे आणि दिशेप्रमाणे वेगळे मांडायचे. माझ्याकडे २० मीटरला डायपोल त्याच्या रुंद बाजूला सरासरी एका एस युनिटच्या थोडा आत पुढे असतो, टोकांच्या दिशेला व्हर्टिकल पुढे. कागदावरच्या हिशोबाच्या इतकं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं. ४० वर मात्र हजार किलोमीटरच्या आत डायपोल, आणि त्यापलीकडे हळूहळू तराजू व्हर्टिकलकडे झुकत जातो, पहाटेच्या ग्रेलाइनला (दिवस-रात्रीच्या सीमेला) सगळ्यात जास्त.

आता ४० साठी दोन एलिमेंटची तारेची बीम टांगायचा बेत आहे, एक तार रिफ्लेक्टर म्हणून मागे. उंची तीच पाव वेव्हलेंथ, त्यामुळे माझा अंदाज असा की मागची बाजू थोडीफार दबेल, पण व्हर्टिकलला ती खालच्या कोनात फार मागे टाकणार नाही. दोरखंड आणि इन्सुलेटर आणून ठेवलेत, पाऊस थांबला की वर चढतो, डब्ल्यूएसपीआरचे आकडे आले की इथेच टाकेन, अंदाज चुकला तरी टाकेन.